सव्वाअठरा इंचांचं हँडल

धाकट्या भावाचा फोन आला तेव्हा मी एका शर्टाची कॉलर उसवत होतो. तो म्हणाला, "अण्णा, सायकलीचं हँडल बदलावं म्हणतो. जुनं अरुंद पडून राहिलंय. त्याच्यावर वाकलं की छाती आवळल्यासारखी होते, दमच पुरत न्हाई. रुंद हँडल पाहिजे. नांदेडला मिळतंय म्हणतात."

मी म्हणालो, "मग जाऊन आण की. देगलूरहून तुलाच नांदेड जवळ."

तो म्हणाला, "तू आणून देतोस का?"

माझा भाऊ मन्मथ कधी कोणाला काही आणायला सांगत नाही. मुलीच्या लग्नात आचारी आला नाही तेव्हासुद्धा त्याने कोणाला हाक मारली नाही, स्वतः कढईपुढे उभा राहिला. त्यामुळे फोन ठेवल्यावर उसवायची कॉलर एक, आणि मी उसवली दुसरीच.

माझं निलंग्यात शिलाईचं दुकान आहे. शाळा सातवीपर्यंत. नात पल्लवीने हा ब्लॉग करून दिला, मी मोबाईलवर लिहितो आणि ती चुका काढते. असं हँडल ज्यांना घ्यायचं आहे, किंवा ज्यांना या दुष्काळात आमच्या भागातून प्रवास करायचा आहे, त्यांना उपयोगी पडेल ते मी मधेमधे सांगेन. निलंगा, लातूर, नांदेड, देगलूर, उदगीर आणि परत निलंगा असा तीन दिवसांचा फेरा झाला. सगळा एसटीने. वय पासष्टच्या पुढे असेल तर अर्धं तिकीट लागतं, ओळखपत्र जवळ ठेवा. मी ते तीन वेळा खिशातून काढून पाहिलं आणि चौथ्यांदा कुठल्या खिशात ठेवलं तेच विसरलो.

मन्मथकडे रेसची सायकल आहे, मेंढ्याच्या शिंगांसारखं पुढे जाऊन खाली वळणारं हँडल असतं तसली. तो देगलूरला एका कापसाच्या जिनिंगमध्ये वजनकाट्यावर होता. नोकरी संपल्यावर हैदराबादला निघालेल्या एका मुलाकडून त्याने ती जुनी घेतली. भावजय, म्हणजे त्याची बायको सुमन, तेव्हा म्हणाली होती की म्हातारपणी लोक तीर्थाला जातात, हे सर्कशीत चाललेत. पण रोज पहाटे वीस-वीस किलोमीटर जाऊन यायचा तो. फोनवर आम्ही दोघं सायकलीशिवाय दुसरं काही बोलत नव्हतो, हे मला आता लक्षात येतं.

मी त्याला विचारलं होतं, "घरपोच मागवता येतं ना आता? पल्लवी मागवून देईल."

"न्हाई. तू हातात धरून बघ. फोटोवर कापड घेत न्हाईस तू, मग हँडल कसं घेऊ?"

त्याच्या अटी दोन होत्या. रुंदी खांद्याइतकी पाहिजे, आणि खालचं वळण उथळ पाहिजे. वळण खोल असलं की फार वाकावं लागतं, आणि फार वाकलं की गळ्यातलं इष्टलिंग शर्टातून बाहेर येऊन लोंबकळतं, हँडलवर आपटतं. आम्ही लिंगायत, लिंग छातीशी असतं. मी त्याच्या शर्टांना आतून चोरखिसा लावतो, तरी ते निघायचंच.

खांद्याच्या मापाची मला काळजी नव्हती. ते माझ्या वहीत होतं.

पहिला दिवस: निलंगा ते नांदेड

सकाळच्या पहिल्या गाडीने निघालो. मंडळींनी धपाटे, शेंगदाण्याची चटणी आणि पाण्याच्या दोन बाटल्या दिल्या. या उन्हाळ्यात पाणी घरूनच न्या. स्टँडच्या नळाची तोटीसुद्धा कोणी काढून नेली आहे. हॉटेलात चहा मिळतो, पण हात धुवायला पाणी मागू नका, मालकाला नाही म्हणायला लाज वाटते आणि आपल्याला ऐकायला.

लातूरला गाडी बदलावी लागते. लातूरला त्या दिवसांत रेल्वेने पाणी येत होतं. स्टँडबाहेरच्या गल्लीत घागरींची रांग होती, माणसं सावलीत आणि घागरी उन्हात. एका बाईने आपल्या घागरींच्या कानांतून सायकलीची साखळी ओवून कुलूप लावलं होतं. रिकाम्या घागरींना कुलूप मी पहिल्यांदा पाहिलं.

याच लातूरचा वेगळा जिल्हा झाला तेव्हा मी तरणा होतो. नव्या कचेऱ्या आल्या, नवे शिपाई आले, आणि त्यांचे खाकी कपडे शिवायचं काम थोडं माझ्याकडेही आलं. मन्मथ तेव्हा नोकरी शोधत होता, दिवसभर दुकानात बसायचा. मी टेप धरून आकडा ओरडायचो आणि तो लिहायचा. माझं अक्षर मलाच नंतर लागत नाही, त्याचं मोत्यासारखं. ती मापांची वही अजून चालू आहे, जुनी पानं सगळी त्याच्या हातची. तो सुट्टीला आला की म्हणायचा, "आण वही, किती घाण करून ठेवलीस बघतो." मुलीच्या लग्नासाठी सफारी शिवला तेव्हा स्वतःचं मापही त्याने स्वतःच लिहिलं होतं. खांदा सव्वाअठरा. त्यापुढचे सगळे शर्ट मी त्याच मापाने शिवून गाडीच्या ड्रायव्हरबरोबर पाठवत आलो. कधी तक्रार आली नाही.

ही वही मी पिशवीत घेतली होती. आकडा पाठ होता, तरी घेतली. मला असंच होतं.

नांदेडच्या गाडीत शेजारी रेणापूरकडची एक म्हातारी बसली. पायाशी हे एवढं गाठोडं. कंडक्टर म्हणाला, "आजी, याचं अर्धं तिकीट लागतंय बघा."

"लाव की. त्याचं वय माझ्यापेक्षा जास्त हाय."

मी विचारलं, "लेकीकडं?"

"हाव. लोह्याला. माणसं लेकीकडं लुगडं-चोळी घेऊन जातेत, मी धुणं घेऊन चालले. तिच्याकडं बोअर हाय अजून." मग थोड्या वेळाने म्हणाली, "मागल्या खेपेला गेले तर आधी बोअरचंच इचारलं. लेक म्हणली, आई, मी कशी हाय ते इचार की आधी."

चाकूर, अहमदपूर, लोहा. रस्ता बरा आहे, पण दोन्ही बाजूंना बघवत नाही. ऊस नावाला नाही. झाडांच्या सावलीत गुरं उभी, तीही मोजकीच. लोह्याला ती उतरली तेव्हा मी गाठोडं खाली द्यायला हात लावला. वजन फार होतं. घरातले सगळे कपडे असावेत.

दुपारी नांदेडला पोचलो. उन्हात दुकान शोधत हिंडू नये म्हणून सरळ गुरुद्वाऱ्याकडे गेलो. तिथल्या यात्री निवासात स्वस्तात खोली मिळते, संध्याकाळी लंगरमध्ये जेवलो. दाळ, रोटी, खीर, कोणी जात विचारत नाही की गाव विचारत नाही. नंतर घाटावर गेलो. गोदावरीत मधे एक हिरवट पट्टा उरला होता. मी मन्मथला फोन केला आणि सांगितलं, उद्या दुपारपर्यंत हँडल घेऊन येतो. तो म्हणाला, "सावकाश ये," आणि खोकला. खोकला बराच वेळ चालला. मी विचारलं तर म्हणाला, "धूळ लई झालीय यंदा."

दुसरा दिवस: दुकान

दुकानाचं नाव लिहीत नाही. मालक रशीदभाई, माझ्याच वयाचे, पांढरी दाढी, कानावर पेन्सिल. बाहेर शाळेच्या पोरांच्या सायकली टांगलेल्या आणि आत भिंतीवर खुंट्यांना शिंगांची हँडलं, मोठ्या जनावरांची शिकार करून लावावीत तशी.

आता हँडलाविषयी मला जे कळलं ते सांगतो. रुंदी सेंटिमीटरमध्ये मोजतात. दुकानात बेचाळीस, चव्वेचाळीस आणि सेहेचाळीस होती. रुंद हँडलाने हात मोकळे राहतात आणि सायकल खडीवरही स्थिर जाते. दुसरं, खालचं वळण किती खोल आहे ते बघा, पाठ दुखणाऱ्याने उथळच घ्यावं. तिसरं, काही हँडलांची खालची टोकं बाहेर पसरलेली असतात, ती मनगटाला सोपी. चौथं, मधला भाग जाड आणि बारीक अशा दोन प्रकारचा येतो. तो सायकलीच्या पकडीत बसला नाही तर सगळं फुकट. मी मन्मथकडून त्याची जाडी आधीच मागवली होती आणि पुठ्ठ्याला तसं भोक पाडून नेलं होतं. रशीदभाईंनी पुठ्ठा हातात घेऊन पाहिला.

"दर्जी हो क्या मियाँ?"

"हाव."

"तभी. नहीं तो लोगां 'सायकल का हँडल दे दो' बोल के आते. नाप बोलो."

मी वही उघडली. "खांदा सव्वाअठरा इंच."

त्यांनी हिशेब केला. "सेहेचाळीस पडतंय. लई मोठा आदमी है तुमचा भाई. इथं बहुतेक बेचाळीसच नेतेत." मग पेन्सिलीने स्वतःच्या खांद्याच्या एका हाडाला आणि दुसऱ्या हाडाला टोचून दाखवलं. "हड्डी से हड्डी नापा ना? वैसा नापना पडता."

मी सांगितलं की आम्ही पाठीवरून मापतो, बाहीच्या शिवणीपासून शिवणीपर्यंत.

"और ये नाप कब का?"

मला राग आला. चाळीस वर्षं मी माणसं मापतो आहे. मी म्हणालो, "त्याचे कपडे मी शिवतो. त्याच मापाने. माप चुकायचं नाही."

"आप बोलते तो बराबर," असं म्हणून त्यांनी सेहेचाळीसचं खाली काढलं. तरी हातातून सोडताना म्हणाले, "सामने खडा करके एक बार देखे होते तो अच्छा था."

मी ते धरून पाहिलं. हलकं, खाली पसरलेलं, वळण उथळ. डोळे मिटून खालच्या बाजूला हात नेले आणि वाकून पाहिलं, माझं लिंग शर्टातच राहिलं. रशीदभाई हसले नाहीत. त्यांनी विचारलं, "भाई को क्या तकलीफ है?" मी म्हणालो, "जुन्या हँडलाने छाती आवळते, दम लागतो." त्यांनी माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं आणि हँडलावर गुंडाळायच्या पट्टीच्या दोन गुंडाळ्या दिल्या. पट्टी जाड घ्या, हाताला मुंग्या येत नाहीत. सगळं मिळून दीड हजाराच्या आत आलं.

मी त्यासाठी घरून कापडी खोळ शिवून नेली होती. ती खोळ घेऊन देगलूरच्या गाडीत चढलो तर कंडक्टर म्हणाला, "काका, ही शिंगं कुणाची? फॉरेस्टवाले धरतील बरं."

मागून एकजण म्हणाला, "घागरी अडकवायला नेऊन राहिले असतील. दोन्हीकडं दोन. डोकं लावलंय म्हाताऱ्यानं."

सगळी गाडी हसली. मीही हसलो. नायगाव, नरसी, मग देगलूर, दोन तासांच्या वर लागले. उतरेपर्यंत मी खोळ मांडीवरून खाली ठेवली नाही.

देगलूर

देगलूरच्या स्टँडवर चहावाला तेलुगूत ऑर्डर घेतो, कानडीत ओरडतो आणि मराठीत पैसे मागतो. मन्मथ मला घ्यायला नेहमी स्टँडवर येतो. आला नव्हता. रिक्षा करून गेलो.

तो दारातल्या पायरीवर बसला होता. मीच पाठवलेला निळा शर्ट अंगात होता. मला पाहून उठला, आणि खांद्याची शिवण दंडावर उतरलेली मला दिसली. दर्ज्याची नजर आधी तिथेच जाते. कॉलरमध्ये गळा असा होता की दोन बोटं नाही, मूठ गेली असती. दोन दिवाळ्यांपूर्वी भेटलो होतो आम्ही. त्यानंतर चार शर्ट पाठवले.

"आण, दाखव," तो म्हणाला. पाणी विचारायच्या आधी.

मी खोळ काढली. त्याने हँडल दोन्ही हातांनी छातीपुढे धरलं, सायकल चालवतो तसं. दोन्ही बाजूंना ते खांद्यांच्या बाहेर राहिलं. तो हसून म्हणाला, "अण्णा, हे तर बैलगाडीचं जू आणलंस."

मला वाटलं दुकानातच काही चुकलं. मी टेप काढली. टेप माझ्या गळ्यातच असते, प्रवासातसुद्धा. "वळ तिकडं." तो पाठ करून उभा राहिला, पोरासारखा. टेपेखाली मला हाड लागलं. मी माझा हात दोनदा काढून पुन्हा लावला.

"सांग की," तो भिंतीकडे तोंड करून म्हणाला. "वही आणलीस का? दे, लिहितो."

माझ्या तोंडून आकडा निघाला नाही. तो वळला, टेपेवर माझं बोट जिथे दाबलेलं होतं तिथे त्याने पाहिलं. मग वही घेतली, आपलं पान काढलं आणि लिहिलं. साडेसोळा. अक्षर तसंच होतं, फक्त लिहून झाल्यावर तो टेकून बसला.

आमच्या दुकानाची पद्धत अशी की नवं माप लिहिलं की जुन्यावर रेघ मारायची, नाहीतर घाईत चुकीचं कापड कापलं जातं. ही पद्धत त्यानेच घातलेली.

मी म्हणालो, "रेघ राहू दे."

"राहू दे," तो म्हणाला. "भरून निघेन मी. हवा बदलली की."

संध्याकाळी तो ओट्यावर पडला होता तेव्हा सुमनने मला स्वयंपाकघराच्या दाराशी बोलावलं. पदर डोक्यावर घेतला आणि हळू आवाजात म्हणाली, "अण्णा, नांदेडच्या डॉक्टरनं फोटो काढला. फुप्फुस आकसत चाललंय म्हणाले. जिनिंगची धूळ असंल, नसंल. औषधानं जरा थांबतंय, उलटं फिरत न्हाई."

"कधी?"

"संक्रांतीच्या आधी. कुणाला सांगू नको म्हणून शपथ घातलीया. हँडल बदललं की दम पुरंल असं धरून बसलेत. म्या काय म्हणू? म्हणलं, बदला."

मी नांदेडपासून हँडलाची रुंदी, वळण, जाडी सगळं बघत आलो होतो. खोकला फोनवर ऐकला होता.

हँडल बसवायला कोणाला बोलवायचं नाही असं त्याने ठरवलेलं. ब्रेकच्या मुठी त्याने काढल्या, नव्या हँडलावर चढवल्या, पाना फिरवताना मधे मधे थांबायचा. थांबल्यासारखं दिसू नये म्हणून पान्याकडे बघत राहायचा. मी म्हणालो, "परत नेऊन बेचाळीसचं आणतो. दुकानदार बदलून देईल." तो म्हणाला, "तू आणलंस ना, हेच बसवू." पट्टी मी गुंडाळली. बिनगाठीची, बिनसुरकुतीची. तेवढं मला येतं.

तिसरा दिवस: लेंडीच्या पुलापर्यंत

पहाटे तो मला हाक मारायला आला. शेजाऱ्याची साधी सायकल त्याने माझ्यासाठी आणून ठेवली होती. "पुलापर्यंत. लांब न्हाई."

सुमन दारात उभी होती. "चहा पिऊन जा," एवढंच म्हणाली. तो म्हणाला, "आल्यावर." तिने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, कशासाठी ते मलाही माहीत नव्हतं.

रस्ता थंड होता. त्याचे हात हँडलावर नको इतके फाकलेले होते, कोपरं बाहेर, कुठल्यातरी मोठ्या माणसाची सायकल चालवतोय असं मागून वाटत होतं. शर्ट वाऱ्याने फुगायचा आणि तेवढ्यापुरता तो मला पूर्वीएवढा दिसायचा. एकदा त्याने हात खाली नेले, वाकला, आणि मागे वळून ओरडला, "लिंग आत राहिलं बघ अण्णा." आवाजात खरंच आनंद होता.

पुलाच्या अलीकडे चढ आहे, चढ म्हणण्यासारखाही नाही. तिथे त्याने पाय टेकला. मला वाटलं माझी वाट बघतोय. जवळ गेलो तर त्याचे ओठ निळसर झाले होते. मी पाठीवर हात ठेवला, तो हाताने नको म्हणाला, मग माझाच हात धरून ठेवला. खाली लेंडी नदीच्या पात्रात लोकांनी झरे खणले होते. दोन बाया वाटीने पाणी काढून घागरीत ओतत होत्या, एक वाटी, मग थांबायचं, पाणी परत गोळा व्हायची वाट बघायची, मग दुसरी वाटी. आम्ही ते बघत उभे राहिलो. त्याचा श्वास तसाच चालला होता.

बऱ्याच वेळाने तो म्हणाला, "हँडल चांगलं हाय, अण्णा. हात जरा बी दुखले न्हाईत."

मी हँडलाच्या पट्टीवरून अंगठा फिरवला.

"दम हँडलचा नव्हता."

"मला सांगायचं होतंस," मी म्हणालो.

"सांगितलं असतं तर तू हँडल आणलं असतंस का? डॉक्टर आणला असतास." मग तो हसला. आमच्यात माणूस गेला की त्याला आडवं नेत नाहीत, पाट-गादीवर बसवून नेतात आणि बसलेलंच पुरतात. तो म्हणाला, "जाताना ताठ बसूनच जायचंय आपल्याला. तवर जरा वाकून बघतो म्हणलं."

परत येताना आम्ही सायकली हातात धरून चाललो. पूल मात्र राहिला. चारशे पावलं असतील.

दुपारी निघताना त्याने कापडाचा एक तुकडा माझ्या पिशवीत घातला, पांढरा, बारीक रेघांचा. "दोन शर्ट होतील. जुन्याच मापानं शीव."

मी हो म्हणालो.

उदगीरमार्गे घरी

देगलूरहून उदगीरला गाडी मिळते, पण भरून येते, स्टँडवर लवकर जा. उदगीरला बदलून निलंगा. उदगीरच्या स्टँडवर खवा चांगला मिळतो. मी घेतला नाही. पुढच्या गाडीत माझ्यापुढे दोघे बोलत होते.

"उदगीर जिल्हा होतोय बघ यंदा."

"दरसाली होतोय की तो."

"कलेक्टर ऑफिस आलं की पाणी येतं."

"येतं की. कलेक्टरच्या बंगल्यात."

त्यावर दोघेही हसले आणि झोपले. जिल्हा झाला तर उदगीरच्या एखाद्या दर्ज्याला खाकीचं काम मिळेल, कोणीतरी ओरडेल, कोणीतरी लिहील, असं माझ्या मनात आलं. मग वही पिशवीत आहे की देगलूरलाच राहिली म्हणून मी घाबरून पिशवी उपसली. होती.

घरी आल्यावर आठवडाभर ते कापड तसंच ठेवलं. दुकानात काम नव्हतं, दुष्काळात लग्नं पुढे जातात. तरी मी दुसरीच कामं काढत बसलो. शेवटी एके सकाळी कापड मेजावर पसरलं आणि खडू घेतला. पानावर दोन आकडे, दोन्ही त्याच्याच हातचे, रेघ कुठल्यावरच नाही. सव्वाअठराने कापावं तर शर्ट त्याच्या अंगावर पुन्हा दंडापर्यंत उतरणार, बघणाऱ्याला कळणार. साडेसोळाने कापावं तर कापड एकदा कापलं की वाढत नाही.

आम्ही दर्जी शिवणीच्या आत थोडं कापड दुमडून ठेवतो, त्याला दाब म्हणतात. पोरांच्या कपड्यांना जास्त ठेवतो, पोरं वाढतात म्हणून. साठीच्या माणसाला कोणी दाब ठेवत नाही. मी कापलं सव्वाअठराने आणि शिवलं साडेसोळाने. मधलं सगळं कापड दोन्ही खांद्यांत आणि कुशीत आत दुमडलं, लांब टाक्याने, उसवायला सोपं जावं असं. चोरखिसा लावला. बाहेरून काही दिसत नव्हतं, मी उजेडात धरून चार वेळा पाहिलं. दोन्ही शर्ट ड्रायव्हरबरोबर पाठवले.

तिसऱ्या दिवशी त्याचा फोन आला.

"अण्णा, शर्ट बसला. लई नीट बसला. सुमन म्हणाली, तब्येत सुधारल्यासारखी दिसायलीय. कोणत्या मापानं शिवलास?"

"जुन्याच."

फोनमध्ये त्याचा श्वास ऐकू येत होता, मी आता तो मोजायला लागलो आहे.

सायकल भिंतीला टेकलेली असते म्हणाला. सकाळी तो तिच्याजवळ खुर्ची टाकून बसतो आणि हँडलाच्या खालच्या वळणावर हात ठेवतो, पट्टी हाताला बरी लागते. मी म्हणालो, पुढच्या महिन्यात येतो, बेचाळीसचं घेऊन येतो. तो म्हणाला, नको.

ज्यांना हँडल घ्यायचं आहे त्यांच्यासाठी एवढंच. रुंदी, वळण, जाडी हे सगळं वर लिहिलं आहे. पण माप वहीतून घेऊ नका. जाऊन, त्या माणसाला समोर उभं करून, त्याच दिवशी घ्या. आणि चार शर्ट पाठवायच्या आधी एकदा भेटून या.

फोन ठेवायच्या आधी तो म्हणाला, "अण्णा, आतून हात फिरवून बघितला मी."

मी गळ्यातली टेप बोटाला गुंडाळली.

"दाब पुरेसा सोडलायस," तो म्हणाला.